आडनावाचं कोट ऑफ आर्म्स वगैरे काही नसतं हो

परत तीच पोस्ट फिरतेय. प्रत्येक इंग्लिश आडनावाचं एक कोट ऑफ आर्म्स (ढालीवर काढलेलं मानचिन्ह) असतं, त्यातला सिंह म्हणजे शौर्य, लाल म्हणजे योद्धा, काळा म्हणजे दुःख, आणि खाली रंगांचा तक्ता. आठवड्यात चौथ्यांदा आली, आता लिहितोच.

आधी आडनाव. हे चिन्ह आडनावाला नाही, माणसाला मिळतं. इंग्लंडात ते देणारं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ चं आहे. एखाद्या स्मिथला मिळालं की वारसाने ते त्याच्या मुलांकडे, मग मुलग्यांच्या वंशात जातं, पलीकडच्या गल्लीतल्या स्मिथचा त्यावर काडीचा हक्क नाही. मग दुकानात आडनाव छापलेली की-चेन्स विकतात ती? विकतात, कारण लोक घेतात (माझ्या मित्राने जोन्सचं आणलंय, हा जोशी). आपल्याला हे पटकन पटतं कारण आपल्याकडचं देवक अख्ख्या कुळाचं असतं, कळंब म्हटलं की सगळ्या भावकीचा कळंब. तिथे तसं नाही.

आता तो तक्ता. शेक्सपियरच्या वडिलांना १५९६ मध्ये ढाल मिळाली, सोनेरी, त्यावर तिरका काळा पट्टा, पट्ट्यावर चांदीच्या टोकाचा सोनेरी भाला, आणि वर पंख पसरलेला ससाणा, त्याच्याही पंजात भाला. का? स्पियर म्हणजे भाला, बस, आडनावावरची कोटी आहे ती. काळा म्हणजे दुःख म्हणाल तर त्याच वर्षी शेक्सपियरचा मुलगा हॅम्नेट वारला हे खरंय, पण ढालीसाठी शेक्सपियरच्या बापाने कितीतरी वर्षं आधीच खटपट केली होती. काळा पट्टा तिथे शोभतो कारण नियमच असाय की सोनेरी-चंदेरीवर गडद रंग आणि गडदावर सोनेरी-चंदेरी, म्हणजे लांबून ओळखू येतं. आपल्याकडे कुणा वाघांनी वाघ काढला तर तो शौर्याचा का आडनावाचा?

२०११ मध्ये केट मिडलटनच्या (प्रिन्स विल्यमची बायको) वडिलांना मिळालेलं बघा, ढाल बरोब्बर मध्ये उभी दुभागलेली, कारण मिडल-टन. तीन एकॉर्न (ओकची फळं) म्हणजे तीन मुलं. मधली उलट्या V सारखी सोनेरी पट्टी केटच्या आईच्या माहेरच्या आडनावावरून, गोल्डस्मिथ. यातलं तक्त्यात काय सापडतं सांगा बरं.

आणि हो, अख्ख्या चिन्हाला 'फॅमिली क्रेस्ट' म्हणू नका राव, क्रेस्ट म्हणजे हेल्मेटवरचा तुरा फक्त, शेक्सपियरकडे तो ससाणा.