दोन मंगळवार आणि एक रविवार

क्रूझच्या बिलाची प्रिंट अजून माझ्या पाकिटात आहे. घडी घालून घालून मधे विरायला आलीय पण टाकवत नाही. त्यात एकाखाली एक दोन ओळी आहेत. मंगळवार, सर्व्हिस चार्ज, दोन माणसं, बत्तीस डॉलर. आणि त्याच्याच खाली, तीच तारीख, मंगळवार, सर्व्हिस चार्ज, दोन माणसं, बत्तीस डॉलर. म्हणजे जवळजवळ पावणेतीन हजार रुपये जास्तीचे, आणि ज्या दिवसाचे लावले त्या दिवशी मी दोन कप चहा आणि एका केळ्यावर होतो.

तर झालं असं. मुलगा सिडनीला असतो, आम्ही सहा महिने राहायला गेलो होतो, त्याच्या डोक्यात आलं की आईबाबांना क्रूझला पाठवू. एकोणीस रात्री. सिडनीला चढायचं, होनोलुलूला उतरायचं, मधे नूमेआ, पोर्ट व्हिला, सुवा, आपिया, पांगो पांगो, मग पाच दिवस नुसतं पाणी आणि हवाई. पहिले आठ दिवस मस्त गेले, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही, समुद्र निळा असतो.

फिजीतल्या सुव्याच्या मार्केटात फक्त एकदा गलबलून आलं. कसाव्याचे ढीग लावून एक आजी बसलेल्या, बायकोने मराठी वळणाच्या हिंदीत भाव विचारला तर त्यांनी त्यांच्या भोजपुरी वळणाच्या हिंदीत सांगितला. यांचे पूर्वज गिरमिटात, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून आले, पहिली बोट 1879 ला. महिना महिना बोटीत कोंबून आणलेली माणसं, आणि आम्ही त्याच समुद्रातून जाताना बुफेत आंबा पिकलेला नाही म्हणून कुरकुरत होतो. बायको मात्र वेगळ्याच कारणाने हळहळली. म्हणाली, अहो, साबुदाणा याच कंदाचा करतात, आणि बोटीवर साबुदाणा नाही, आणि मंगळवारी अंगारकी.

संकष्टी आम्ही दोघंही करतो. म्हणजे ही करते आणि घरात दुसरं काही शिजत नाही म्हणून मी करतो. पण एका उपासाचं मला काही वाटलं नाही. घोळ पुढे झाला, आणि तो केला नऊ नंबर डेकवरच्या काकांनी.

काका पुण्याचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मुलगी मेलबर्नला. हाफ पँट, पांढरे मोजे ताणून पोटरीपर्यंत, गळ्यात बोटीचं कार्ड, आणि खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं कालनिर्णयचं त्या महिन्याचं पान. फोनवर पंचांग आहे, तरी पान. 'समुद्रात नेट जातं, कागद जात नाही,' हे त्यांनी मला पहिल्या भेटीत दोनदा सांगितलं.

आपियाला पोचायच्या आदल्या दिवशी नाश्त्याला आमच्या टेबलावर येऊन बसले. 'अंगारकीचं काय ठरवलंयत?'

म्हटलं, करणार.

'कितीदा?'

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. काकांनी माझ्या पुढ्यातली मिठाची बाटली उचलली. 'हे आपिया.' मिरपुडीची उचलली. 'हे पांगो पांगो.' मग माझ्याच ताटातलं केळं घेऊन दोघांच्या मधे आडवं ठेवलं. 'आणि ही वाररेषा.'

आंतरराष्ट्रीय वाररेषा आम्हाला शाळेत भूगोलात होती, दोन मार्काला. 180 रेखावृत्ताच्या आसपास नागमोडी जाते, पूर्वेकडे ओलांडली की एक वार परत येतो, पश्चिमेकडे ओलांडली की एक वार जातो. हे मी घोकून लिहिलं होतं आणि पुन्हा आयुष्यात कधी लागणार नाही याची खात्री होती. आता आपियाचा सामोआ आणि पांगो पांगोचा अमेरिकन सामोआ ही शेजारशेजारची बेटं, रात्रीत बोट पोचते, भाषा एक, माणसं एकमेकांची नातेवाईक, घड्याळात वेळही तीच, पण मधे बरोब्बर चोवीस तास. आपियात मंगळवारी रात्री झोपायचं आणि पांगो पांगोला उठायचं तर परत मंगळवार.

'हा सामोआ देशच असा आहे,' काका तापले, जसा काही त्यांच्याच खात्याने मंजुरी दिली होती. 'आधी अलीकडच्या बाजूला होता. 1892 ला अमेरिकन व्यापाऱ्यांच्या नादी लागून पलीकडच्या बाजूला गेला, तेव्हा 4 जुलै दोनदा साजरा केला. मग सगळा व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, तिकडे सोमवार तर इथे रविवार, म्हणून 2011 ला परत उडी मारली. 30 डिसेंबर, शुक्रवार, आलाच नाही. गुरुवारी झोपले ते शनिवारी उठले. त्याआधी 2009 ला गाड्या उजवीकडच्या डावीकडे घेतल्या! आता यांच्या मनात पुढे काय आहे कोण जाणे.'

मी म्हटलं, काका, पण तिथी तर तारखेवर नसते ना, चंद्रावर असते. दुसऱ्या मंगळवारी पंचमी होणार. एवढं मलाही कळत होतं.

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू सीलबंद टेंडर फोडलं. पान उघडलं. 'मुंबईचा चंद्रोदय रात्री नऊनंतर. तेव्हा इथे किती वाजलेले असतील? पहाटेचे पावणेपाच. आपण दोन्ही मंगळवारांच्या मधे झोपलेले असू. म्हणजे मुंबईची अंगारकी पडते बरोब्बर केळ्यावर. अलीकडचा मंगळवार तिचा नाही असं तुम्ही म्हणू शकता?'

नाही म्हणू शकत.

'पलीकडचा नाही असं म्हणू शकता?'

मी काहीच म्हणू शकत नव्हतो. बायको मान डोलवत होती. 'एका अंगारकीला वर्षाच्या संकष्ट्यांचं पुण्य,' काका उठता उठता म्हणाले, 'लागोपाठ दोन! देव जागेवर आणून देतोय आणि तुम्ही पंचमी काढताय.' आणि समजावून झालं म्हणून वाररेषा सोलून खाऊन टाकली. केळं माझं होतं.

पहिला मंगळवार निभला. आपियात पावसाची सर येऊन गेलेली, बाजारात पालुसामी म्हणून एक प्रकार मिळतो, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, वास इतका घरचा की मी तीनदा त्या गाळ्यावरून गेलो आणि तीनदा बायकोने दंड धरून पुढे नेलं. रात्री सव्वानऊला डेकवर ढगातून चंद्र आला. स्विमिंग पूलजवळच्या मोठ्या स्क्रीनवर कुणीतरी नाचत होतं, त्याच्या डोक्यावर आमचा चंद्र, त्यातला ससा जरा कलंडलेला. हात जोडले आणि धावत बुफे गाठला. साडेनऊला बंद होतो.

सकाळी केबिनच्या दाराशी दिवसाचा कार्यक्रम सरकवलेला, वर ठळक छापलेलं, मंगळवार. पांगो पांगो म्हणजे डोंगरांच्या मधे घुसलेलं खोल बंदर, ट्यूनाचा कारखाना, आणि एक डोंगर ज्याला लोक पाऊस पाडणाराच म्हणतात. त्याने त्याचं काम सकाळपासून सुरू केलं होतं. बोटीवर रताळ्याचे काप होते, पण ज्या तेलात कोंबडी तळली त्याच तेलात. शेंगदाणे होते, त्यांना लसूण लावलेला. मी दोन चहा आणि एक केळं.

दुपारी चार वाजता, भुकेने कान वाजायला लागलेले, मी बुफेवरून नुसता वास घ्यायला चाललो होतो तर कोपऱ्यात काका. पुढ्यात वॅफल, त्यावर आइस्क्रीम, बाजूला गार्लिक ब्रेड.

'या, या,' म्हणाले. 'रात्री विचार केला मी. तुमचंच बरोबर. तिथी चंद्रावर असते. आज पंचमी.'

म्हटलं, मग सकाळी सांगायचं की हो!

काकांनी चमचा खाली ठेवला. चेहरा अगदी गंभीर. 'म्हटलं तुमची श्रद्धा आहे, आपण कशाला मोडायची.'

मी केबिनमध्ये येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, पाच तास राहिलेत, आता मोडायचा नाही. पाच नव्हते राहिले. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यात पाऊस, चंद्र दिसायचं नाव नाही. अशा वेळी छापलेली वेळ धरतात, पण कालनिर्णयमध्ये महाराष्ट्रातली गावं आहेत, पांगो पांगो नाही. शेवटी हिने अंदाजाने सव्वादहा धरले. तोवर बुफे बंद. आम्ही दुसरी अंगारकी मश्रूमच्या पिझ्झ्यावर सोडली, गार पडलेल्या, नॅपकिनवर घेऊन.

आणि उतरायच्या आदल्या दिवशी हे बिल. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, सर, यू गॉट ॲन एक्स्ट्रा डे! मी म्हटलं मला नको होता. मग मी माझा मुद्दा काढला, काकांकडूनच मिळालेला, की 2011 ला सामोआत तो न उगवलेला शुक्रवारसुद्धा नोकरदारांना पगारी मिळाला होता. न आलेल्या दिवसाचे पैसे मिळतात तर दोनदा आलेल्याचे एकदाच घ्या. हे तेव्हा मला फारच बिनतोड वाटलं होतं. ती म्हणाली, पण सर, त्या दिवशी तुम्ही जेवलात ना? नाही जेवलो. का? आता मागे बारा माणसांची रांग, आणि मी एलिफंट गॉड, ट्यूसडे, मून असं करत करत समजावतोय. मागचा सपाता घातलेला ऑस्ट्रेलियन माणूस एवढं ऐकून पुढे आला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, हॅपी बर्थडे, मेट. मी थँक्यू म्हणून निघून आलो. केबिनवाल्या पोराने दोन्ही मंगळवारी चादर बदलली हे खरं आहे, त्याला मी हातात वेगळे दिले असते. पण हे असं छापून, गुपचूप?

परतीला होनोलुलूहून विमान. शनिवारी दुपारी बसलो, दहा तासांनी सिडनीला उतरलो तर रविवारची संध्याकाळ. अख्खी सकाळ आणि दुपार समुद्रात कुठेतरी पडली, तिचे पैसे परत द्यायला कुठलंच काउंटर नव्हतं. घरी पोचलो, स्वयंपाकघरात मटणाचा वास घमघमत होता. मी हातपाय धुवून सरळ टेबलावर जाऊन बसलो.

मुलगा म्हणाला, 'बाबा, दुपारी मित्र आले होते जेवायला. रस्सा थोडा उरलाय, पीस नाहीत. उद्या आणतो ना परत.'

बायको बॅग उघडत होती, तिथूनच म्हणाली, 'उद्या सोमवार आहे.'