‘हौशी’ म्हणालात, म्हणून एवढं लांब उत्तर

‘एक वाचक’, नमस्कार.

धमनीतल्या कॅल्शियमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘घरच्या एका केसवरून हौशी लेखकांनी लोकांना ड्रिलच्या खर्चात ढकलू नये, साध्या फुग्याने भागतं.’ (ड्रिल म्हणजे धमनीतलं कॅल्शियम घासणारं रोटाब्लेटर, फुगा म्हणजे धमनी रुंद करणारा बलून.)

आधी चूक कबूल करतो. रोटाब्लेटरच्या हिऱ्याचे कण बसवलेल्या टोकाचा वेग मी मिनिटाला अडीच लाख फेरे लिहिला होता. तो साधारण दीड लाख असतो. दुरुस्त केलाय. आभार.

पण ‘हौशी’? हौस म्हणून कुणी कॅथलॅबबाहेरच्या बाकड्यावर बसत नाही. २०१६ साली बाबांच्या एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत, स्टेंट घातला. फुग्याचा दाब वाढवत नेला, तरी स्टेंट मधोमध डमरूसारखा आवळलेलाच राहिला. ‘रक्त वाहतंय ना, झालं तर’ म्हणून घरी पाठवलं. नऊ महिन्यांनी जिना चढताना छातीत तीच कळ. दुसऱ्या रुग्णालयात ओसीटी (धमनीच्या आतून प्रकाशाने घेतलेली प्रतिमा) केली तेव्हा दिसलं : धमनीभोवती कॅल्शियमचं कडं, एका बाजूला तेवढी फट, आणि त्यात अर्धवट उघडलेला स्टेंट. असा स्टेंट उपसून काढता येत नाही. फुगा फटीच्या बाजूला ताणला जातो, कडक बाजू हलत नाही. दाब वाढवतच गेलं तर धमनी फाटण्याची भीती. म्हणून अशा ठिकाणी कॅल्शियम आधी घासायचं नाहीतर तडकवायचं, स्टेंट नंतर. किडनी स्टोन फोडतात तशा लहरी सोडणारा शॉकवेव्हचा फुगा तेव्हा आपल्याकडे नव्हता. पण रोटा होता. त्या पहिल्या ठिकाणी तोही नव्हता आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. शेवटी बायपास झाली. ‘सगळ्यांनी ड्रिल करा’ हे वाक्य माझ्या लेखात कुठे आहे, दाखवा.

खर्चाचं तर मला शिकवूच नका. २०१७च्या सरकारी किंमत मर्यादेने स्टेंट स्वस्त झाले, बायपास नाही. आईच्या पाटल्या त्यात गेल्या.

एक्लिप्स चाचणी मला माहीत आहे. २,००५ रुग्ण, स्टेंटआधी घासलं तरी साध्या फुग्यापेक्षा वर्षभरात फायदा दिसला नाही. पण दोन्ही उपाय चालतील अशाच धमन्या त्यात घेतल्या होत्या. यावर आणखी वाद नको.

‘कॅल्शियम किती आहे? फुगा उघडला नाही तर तुमच्याकडे पुढे काय आहे?’ हे टेबलावर जाण्याआधी विचारा, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी काढणार नाही. आणि पुढच्या वेळी कृपया स्वतःच्या नावाने लिहा.