घोरपडीचं विष, जन्माची चटक आणि कारल्याचा रस

मधुमेहाच्या आणि वजनाच्या नव्या सुईवरचा हा मेसेज महिनाभरात मला तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक भजनी मंडळाचा. चौथ्यांदा मामींनी तो काउंटरसमोर उभं राहून वाचून दाखवला. बेळगावच्या शहापुरात माझं मेडिकल आहे. मामींच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि चेहऱ्यावर तो मेसेज:

"आठवड्याची नवी सुई म्हणजे घोरपडीच्या विषातून काढलेलं इन्सुलिन. साखर एकदम उतरून माणूस झोपेतच जातो. एकदा घेतली की चटक लागते, सोडली की वजन दुप्पट. थायरॉइडचा कॅन्सर होतो. श्रीमंतांचे चोचले आहेत, कारल्याचा रस प्या."

घोरपडीत तीळभर खरं आहे. अमेरिकेत गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या विषात सापडलेल्या द्रव्यावरून एक्झेनाटाइड हे मधुमेहाचं औषध तयार झालं, २००५ साली तिकडे मंजूर झालं, आणि ते दिवसातून दोनदा टोचायचं होतं. आज चर्चा आहे ती आठवड्यातून एकदा टोचायच्या सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड या औषधांची. ती त्या सरड्यापासून आलेली नाहीत. खानापूरच्या रानातल्या घोरपडीचा तर कशातच हात नाही.

इन्सुलिनही नव्हे. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोट सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतं. शरीरातलं हे हार्मोन दोन-चार मिनिटांत विरतं. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल, पण रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहील अशी घडवलेली. ते निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून सुई आठवड्याची. टिर्झेपाटाइड जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं. टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तेव्हा, मात्र इन्सुलिनच्या जागी ही सुई चालत नाही.

झोपेत जाण्याचं काय? साखर वाढलेली असेल तेव्हाच ही औषधं इन्सुलिन सोडायला लावतात, त्यामुळे एकटी सुई साखर फार खाली नेत नाही. सोबत ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर धोका खरा आहे, आणि डॉक्टर त्यांचा डोस बहुधा कमी करतात. मामींच्या जुन्या चिठ्ठीत ग्लिमेपिराइड होतीच, शिवाय साखर उतरवायला सकाळी कारल्याचा रस. डॉक्टरांना रसाचं सांगितलंत का, विचारलं. "ते काय औषध आहे होय?" म्हणाल्या.

चटकेचा मुद्दा मला सगळ्यात खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. सुई सोडली की वजन परत येतं. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत चढलं. म्हणजे दुप्पट नव्हे, सरासरी आधीच्यापेक्षा थोडं खालीच. आणि याला चटक म्हणायचं तर बीपीच्या गोळीचीही चटकच म्हणावी लागेल. ती सोडली की बीपीही चढतंच. भूक परतते, कारण तिला आवरणारं औषध गेलेलं असतं. तेव्हा "लग्नाआधी दोन महिने घेऊ" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

कॅन्सरचं मूळ उंदरांवरच्या प्रयोगात आहे. उंदरांच्या थायरॉइडमध्ये गाठी दिसल्या. माणसात तसं सिद्ध झालेलं नाही. तरीही ज्यांच्या घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालाय त्यांना ही सुई देत नाहीत. हा दुर्मिळ प्रकार आहे. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायकांचं दुखणं वेगळं, पण मेसेज वाचून घाबरतात त्याच.

नवी आली तेव्हा ही सुई महाग होती हे कबूल. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांची होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार. हे परवडणारं घर आमच्या गल्लीत शोधावं लागलं असतं. पण चोचले? हृदयविकार आणि जादा वजन असलेल्या, मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले.

खरी भीती मेसेजात नाहीच. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ. क्वचित पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला सूज. म्हणून डोस महिन्या-महिन्याने चढवतात, आणि शेजारणीचा डोस आपला नसतो. साखर झपाट्याने उतरली तर डोळ्यांचा आधीचा त्रास बळावू शकतो, तेव्हा पडदा तपासून घ्यावा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवतात. वजनासोबत स्नायूही झडतात; जेवण निम्मं झालं तरी ताटात भाकरीसोबत डाळ, उसळ, अंडं हवंच.

मामींनी चिठ्ठी पुढे केली. सेमाग्लुटाइडच होतं. वार कुठला धरू, विचारलं. बाजाराचा धरा, म्हटलं, विसरायचा नाही.

"आणि बाजाराला गेलेच नाही तर?"

पाच दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्यायची. त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्यायची, पुढची ठरल्या वारी. दोन एकदम नाहीत.

"फ्रीजात ठेवायची ना?"

हो. पण वर बर्फाच्या खणात नको, गोठलेली सुई फेकावी लागते.

"वर कुठे जागा आहे," मामी म्हणाल्या, "वर सगळा कुंदा आहे."