डिस्लेक्सियाची कारणं शोधून मुलाला काय मिळतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचायला शिकताना येणाऱ्या अडचणीच्या, कारणांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतेय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. शंभर वर्षं नुसती कारणंच शोधताहेत, कधी मेंदूत तर कधी जनुकांत, आणि तोवर मुलाचं बालपण निघून जातं. त्यापेक्षा तो पैसा शिक्षकांवर खर्च करा. तुमचा मुलगा चौथीत येऊनही ३ चा ६ करतो, म्हणजे दोष डोळ्यांत आहे हे उघड आहे. त्यासाठी वर्षभर डोळ्यांचे व्यायाम चालू आहेत, आणि मी मात्र डोळ्यांचा विषय दोन ओळींत उडवून लावला.

तुमची तगमग मला कळते. पण वर्षभर व्यायाम करवून घेतलेत, ते एक कारण गृहीत धरूनच ना? काहीतरी कारण मनात धरल्याशिवाय कुणीच उपायाला हात घालत नाही. ते कारण कुणी तपासून पाहिलंय, की ते नुसतंच पटण्यासारखं आहे, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून या वेळी डोळ्यांवर नीट लिहिते. नजरेचा संशय जुना आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार, पण वाचता न येणाऱ्या मुलाची हकिगत छापली, तेव्हाही त्याला एक प्रकारचं जन्मजात अंधत्वच म्हटलं होतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्रँक व्हेलुटिनो यांनी हा संशय साध्या रीतीने तपासला. वाचताना अडखळणाऱ्या मुलांना हिब्रू अक्षरं क्षणभर दाखवायची, झाकायची आणि आठवून काढायला सांगायचं. ही लिपी त्या मुलांना येत नव्हती. तरी त्यांनी ती चांगलं वाचणाऱ्या मुलांइतकीच बरोबर काढली. दोष नजरेत असता तर इथे ती मागे पडायला हवी होती. अडत होतं ते दिसलेल्या आकाराला आवाज जोडताना.

३ आणि ६ ची अदलाबदल लहान वयात बहुतेक मुलं करतात. कुठलीही वस्तू डावीकडून पाहिली काय नि उजवीकडून, ती तीच, हे मेंदूला आधीपासून ठाऊक असतं. अक्षरं आणि आकडे आले की ही सवय मोडावी लागते. ज्याचं वाचन कमी, त्याची ती उशिरा मोडते.

‘पण मेंदूच्या चाचण्यांत दृष्टीच्या भागात फरक दिसतोच ना?’ असं तुम्ही विचारलंय. दिसतो. हालचाल टिपणारा भाग डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत कमी जागा होतो. आता २०१३ मध्ये मेंदूच्या अभ्यासक ग्विनेव्हिअर ईडन यांच्या गटाने काय केलं ते पाहा. त्यांनी या मुलांची तुलना समवयस्कांशी केलीच, शिवाय तेवढंच वाचू शकणाऱ्या लहान मुलांशीही केली. या दुसऱ्या तुलनेत फरक उरला नाही. मग डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना आवाजांवर भर देऊन वाचन शिकवलं, तर त्या भागाचं काम वाढलं. म्हणजे तो फरक वाचन कमी झाल्यामुळे पडला होता. कारण आणि परिणाम असे वेगळे काढणं हेच या संशोधनाचं खरं काम आहे, आणि ते झालं नाही तर पालक परिणामावर औषध करत बसतात.

आवाजांकडे बोट कसं वळलं, तेही सांगते. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरेल, असं विचारल्यावर एखादं मूल चटकन ‘पाट’ म्हणतं. दुसरं तितकंच चुणचुणीत मूल विचार करून ‘कपडे’ म्हणतं. त्याला अर्थ दिसतो, शब्दाचे तुकडे ऐकू येत नाहीत. पण वाचता येत नाही म्हणून तुकडे ऐकू येत नाहीत, की उलट? ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी सुमारे ४०० मुलांना वाचन यायच्या आधीच तपासलं आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. आवाज ओळखण्यात कच्ची असलेली मुलं पुढे वाचनातही मागे राहिली. त्यातल्या काहींना त्यांनी आवाज शिकवले, काहींना आवाजांबरोबर प्लॅस्टिकची अक्षरंही हातात दिली. अक्षरं मिळालेला गट सगळ्यांच्या पुढे गेला. हे १९८३ साली छापून आलं. तुम्ही म्हणता तसा शिक्षकांवर पैसा जरूर खर्च व्हावा, पण त्या शिक्षकांनी काय शिकवायचं हे अशाच कामातून कळतं. सगळ्याच मुलांचं मूळ आवाजात नसतं. काहींना ओळखीची अक्षरं भराभर म्हणतानाच वेळ लागतो, काहींना दोन्ही जड जातं.

‘आनुवंशिक म्हणजे दोष आमच्या माथी’ हे तुमचं वाक्य मला लागलं. २०२२च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या ४२ जागांचा डिस्लेक्सियाशी संबंध दिसला, आणि प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा आहे. फिनलंडमध्ये डिस्लेक्सिया असलेल्या आईवडिलांची मुलं जन्मापासून अभ्यासली, तर त्यांतल्या बहुतेकांना पुढे डिस्लेक्सिया झाला नाही. यात दोष कुणाचा काढणार? मात्र घरात कुणाला ही अडचण असेल, तर मूल नापास व्हायची वाट न बघता बालवाडीतच लक्ष ठेवता येतं. जनुक-चाचणी किंवा मेंदूचा स्कॅन करून तुमच्या मुलाचं निदान आज होत नाही, आणि कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

डोळे नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या, नंबर असेल तर चष्मा लावा. व्यायाम घेणाऱ्यांना एवढंच विचारा, की या तासात मूल किती वेळ अक्षरं आणि त्यांचे आवाज जोडतं. उत्तर ‘अजिबात नाही’ असेल, तर तोच वेळ वाचनाच्या विशेष शिक्षकाला द्या. सुरुवात काना-मात्रांपासून करा, जोडाक्षरं मागाहून. चौथीतल्या मुलाला अजून पुष्कळ वाचायला शिकता येतं.