नुसतं बसण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

किशोरवयीन मुलांच्या केंद्रातल्या माझ्या कामाबद्दलच्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘पोरांसोबत बसून गप्पा मारायच्या, टेबल टेनिस खेळायचं, याला काम म्हणायचं का? या वयाला मित्र नको असतो, धाक लागतो. आणि आईवडिलांना जे सांगायचं नाही ते तुम्हाला येऊन सांगायचं, ही कुठली पद्धत?’ तुम्ही सव्वीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षिका आहात. तुमचं म्हणणं वरवरचं नाही हे कळतं, म्हणून नुसते आभार मानून मोकळी न होता सविस्तर लिहिते आहे. एका ठिकाणी तुमचं अगदी बरोबर आहे, तेही सांगेन.

वर्गात मूल आलं नाही तर हजेरीपटावर खाडा लागतो, घरी निरोप जातो. माझ्याकडे येणारं पोर कुठल्याही क्षणी उठून जाऊ शकतं. येण्याबद्दल त्याला गुण नाहीत, न येण्याबद्दल शिक्षा नाही. उद्या त्याला परत यावंसं वाटलं तरच माझं काम पुढे सरकतं. धाक घालायचा म्हटला तरी कशाच्या जोरावर घालू?

एक उदाहरण देते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. सतरा वर्षांचा एक मुलगा सात आठवडे यायचा आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा. पाठ भिंतीला, दप्तर मांडीवर. मी ‘आलास का’ एवढंच म्हणायचे. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात टेबल टेनिसच्या जाळीचा क्लॅम्प सैल झाला होता, तो मी आवळत होते. तो उठला, माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, क्लॅम्प घट्ट बसवला आणि परत जागेवर जाऊन बसला. आठव्या आठवड्यात म्हणाला, ‘ताई, एक फॉर्म भरायचाय.’ प्रवेशाचा साधा फॉर्म होता. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यापाशी पेन थांबलं. मी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने खाली बघूनच म्हणाला, ‘हे रिकामं ठेवलं तर चालतं का?’ अकरा दिवस तो घरी झोपलेला नव्हता.

पहिल्याच दिवशी मी त्याला घरच्यांबद्दल विचारलं असतं तर ‘सगळं ठीक आहे’ असं उत्तर मिळालं असतं आणि दुसऱ्या दिवशी ती खुर्ची रिकामी दिसली असती. ते सात आठवडे तुम्हाला नुसतं बसणं वाटतं. माझ्या मते ते त्या आठवड्यांतलं सगळ्यांत कसाचं काम होतं. विचारायची घाई होते, मदत करायची तर त्याहून जास्त होते, आणि दोन्ही आवरून धरावं लागतं.

याला आधार नुसता माझ्या अनुभवाचा नाही. हवाईतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशी अनेक संकटं एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण तिघांतलं एक मूल तरीही उभं राहिलं. अशा मुलांना आयुष्यात निदान एक तरी खंबीर, मायेचं माणूस मिळालेलं होतं. बरेचदा ते आईवडिलांपलीकडचं असायचं: आजी-आजोबा, शिक्षक, शेजारी. म्हणजे बाई, त्या यादीत तुम्हीही आहात.

आता लपवाछपवीबद्दल. ओळख होताच मी प्रत्येकाला सांगते: ‘इथे बोललेलं माझ्याकडे राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे, कुणी तुला इजा करतंय असं कळलं, तर मला पुढे सांगावंच लागेल. तसं करण्याआधी शक्यतो तुला सांगेन.’ हे आधीच सांगायचं असतं. सगळं ऐकून झाल्यावर सांगितलं तर तो विश्वासघातच. त्या मुलाच्या वेळीही मी वरिष्ठांना कळवलं, त्याच्यासमोर फोन करून. तो चिडला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्याच्या मावशीला फोन लावला.

जिवाचा प्रश्न असतो तिथे तर मी सरळ विचारते, ‘मरून जावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने डोक्यात विचार पेरला जातो, ही भीती खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनाही उघडपणे विचारण्याच्याच बाजूची आहे. तो शब्द ऐकून मुलांचे खांदे कसे सैल पडतात ते मी पाहिलं आहे.

तुमचं जिथे बरोबर आहे ते आता सांगते. या मुलांना मित्र नको असतो. सुरुवातीच्या काळात मी एका मुलीला माझा खाजगी नंबर दिला. रात्री एक वाजता आलेल्या मेसेजलाही उत्तर देत होते, आणि ती माझी निष्ठा आहे असं मला वाटत होतं. हळूहळू ती दुसऱ्या कुणाशीच बोलेनाशी झाली. मी आठवडाभर आजारी पडले तेव्हा तिच्याजवळ कुणीच उरलं नव्हतं. तिला ते किती जड गेलं हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून वेळ ठरलेली, कामाचा फोन वेगळा, प्रत्येक भेटीची नोंद, आणि महिन्यातून दोनदा अनुभवी सहकाऱ्यासमोर बसून माझ्याच वागण्याची उलटतपासणी.

शिस्तीबद्दल थोडक्यात. नियम आमच्याकडेही आहेत, फक्त ते मुलांनी बसून ठरवले आहेत. संशोधक रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी 1992 मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, म्हणजे निर्णयांत मुलांना कितपत खरा वाटा मिळतो याच्या चढत्या पातळ्या. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. नियम आपण लिहायचे आणि खाली मुलांच्या सह्या घ्यायच्या, हा प्रकार तिथलाच. मीही तो केलेला आहे. तो तक्ता महिनाभरात कुणीतरी फाडला.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘एवढा वेळ घालून काहीच हाती लागलं नाही तर?’ तसंही होतं. दोन वर्षं येणारी एक मुलगी अचानक यायची थांबली. मी दोन निरोप पाठवले, उत्तर आलं नाही. ती सुखरूप आहे एवढं एका सहकाऱ्याकडून कळलं. तिसरा निरोप लिहिला होता, पण पाठवला नाही. यायचं की नाही हे तिनेच ठरवायचं, असं पहिल्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं.