होयबाची परीक्षा

प्रोग्रॅममधल्या संचात (सेटमध्ये) अमुक वस्तू आहे की नाही, एवढंच तर विचारायचं असतं. याला कसली आलीय टेस्ट, असं म्हणणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. माझी रोजीरोटी त्यांच्यावरच चालते.

पहिली टेस्ट सगळे सारखीच लिहितात: ३ टाका, ३ आहे का विचारा. पास, म्हणजे हिरवी. ७ टाका, ७ विचारा. हिरवी. पण आतलं फंक्शन डोळे मिटून सगळ्यांना ‘ट्रू’ म्हणणारं होयबा असलं, तरी हे सगळं हिरवंच! म्हणून मी आधी रिकाम्या संचालाच विचारतो, ‘३ आहे का?’ होयबा तिथंच सापडतो.

त्यात पायथन भाषेत कुणी ‘हे खरं आहे ना’ एवढंच तपासणारं ‘असर्टट्रू’ वापरलं असेल, तर टेस्ट फसल्यावर निरोप येतो: ‘फॉल्स इज नॉट ट्रू’. असत्य हे सत्य नव्हे! एवढं तर कीर्तनातही कळतं, वर बुक्का लावून मिळतो. ‘असर्टइन’ लिहा, निदान काय सापडलं नाही ते तरी सांगेल.

खरा घोळ काढून टाकण्यात असतो. वस्तू संचात कुठं ठेवायची ते तिच्या हॅशवरून, म्हणजे तिच्यापासून काढलेल्या आकड्यावरून, ठरतं. सीपायथनमध्ये (सी भाषेत लिहिलेल्या नेहमीच्या पायथनमध्ये) -१ चा हॅश -२ येतो, कारण आतल्या सी कोडनं -१ हे चूक झाल्याची खूण म्हणून राखून ठेवलंय. -२ चा हॅशही -२ च. म्हणजे लॉजवर दोघांना एकच खोली. -१ आधी आला, त्यानं ती बळकावली. -२ पुढच्या रिकाम्या खोलीत गेला. आता -१ ला काढा आणि -२ आहे का विचारा. संच पुरवणाऱ्या लायब्ररीनं, म्हणजे तयार कोडनं, ती जागा साफ कोरी केली असेल, तर शोध पहिल्याच दारात थांबतो: ‘खोली रिकामी, -२ आलेच नाहीत.’ आणि -२ साहेब पलीकडे घोरताहेत! तिथं ‘इथला गेला, पुढे बघा’ अशी खूण सोडावी लागते. ही टेस्ट मजकुरावर लिहू नका, पायथनच्या ३.३ आवृत्तीपासून मजकुराचे हॅश दर रनला बदलतात, त्यामुळे सकाळची हिरवी टेस्ट दुपारी लाल.

मजकुराचं दुखणं वेगळंच. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ एकसंध असतो, नाहीतर ‘र’ला नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, जोडून केलेला. डोळ्यांना एक, संचाला दोन. टाकताना आणि विचारताना एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची पद्धत) लावलं की दोन्ही एक होतात. ते लायब्ररीनं करावं की वापरणाऱ्यानं, यावर वाद घाला. पण जे ठरेल त्याची टेस्ट हवी. एवढं करूनही कुणीतरी ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असं टाइप करतोच. त्याला एनएफसी हात लावत नाही, आणि अख्खं कऱ्हाड संचाबाहेर उभं.