तळ्याकाठी पुन्हा तेच काँक्रीट

पुन्हा तळ्याचं सुशोभीकरण! छोट्या गावाला तळं असलं की कुणाच्या तरी डोक्यात हे येतंच. आधी काठची झुडपं साफ, मग उभी काँक्रीटची भिंत, वर पेव्हर ब्लॉक, रंग बदलणारे दिवे आणि एक सेल्फी पॉइंट. सगळी तळी आता एकसारखी दिसायला लागलीत. संताप होतो!

अरे, जे बघायला माणसं काठावर येऊन बसतात तेच उपटून टाकताय! पाणकणसात (काठच्या उथळ पाण्यात वाढणारी, कणसासारखे तुरे येणारी उंच वनस्पती) दबा धरून उभा असलेला बगळा, वाकलेल्या फांदीवरून सूर मारणारा खंड्या, काडीच्या टोकाला टेकलेला चतुर, पाण्यात पाय सोडून बसलेली पोरं. (भिंत झाली की पोरं रेलिंगच्या मागे.) आणि पाणकणीस म्हणजे गचपण नाही हो. पाण्यात वाहून आलेलं नायट्रोजन-फॉस्फरस ते शोषून घेतं, त्याची मुळं काठची माती धरून ठेवतात, त्याच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. चतुराची अळी पाण्यात वाढते आणि पंख फुटायच्या वेळी देठावरून वर चढते. देठच नसतील तर चढणार कशावर? बेडकांनाही बाहेर यायला उतार लागतो. त्यात रात्रभर जळणारे दिवे. किडे त्यांच्याभोवती घिरट्या घालून मरतात.

मग नायट्रोजन-फॉस्फरस शोषायला पाणकणीस उरत नाही, त्यावर शेवाळ माजतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, वास मारतं, आणि उपाय म्हणून कारंजं बसवतात!

फरशा घालायच्याच असतील तर रस्त्याच्या बाजूला घाला. पाण्याची कड मोकळी सोडा. बसायला चार बाक पुरतात.